अटॅचमेंट जोडलेलं बोलावणं

मी मुळात तापट माणूस. पेणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिथली पोरं माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणी दोन शब्दांमध्ये एकाच्या जागी दोन मोकळ्या जागा सोडल्या तरी माझं डोकं फिरतं. अशा माणसाच्या हातात आमच्या लोकांनी ईमेलच्या गटाचा कारभार दिला. पण त्यांना दोष देऊन काय उपयोग? कारभार मीच मागून घेतला होता.

आमचे लोक म्हणजे कोकणातले बेने इस्रायल. आजोबांच्या वेळेपर्यंत गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. आता घाणे गेले आणि माणसंही गेली. बहुतेक सगळी इस्रायलला, थोडी मुंबई-ठाण्याला. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात आम्ही उरलेले बोटांवर मोजण्याइतके. म्हणून हा गट. गेलेल्यांनीच तो सुरू केला होता: एका पत्त्यावर लिहायचं, ते सगळ्यांना पोचायचं. व्हॉट्सअॅप आल्यावर तिकडेही एक गट निघाला, पण तो कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणावरून भांडणं होऊन फुटला. ईमेलचा मात्र टिकला. तिकडची म्हातारी माणसं अजून सकाळच्या चहाबरोबर तोच उघडून बसतात.

आणि काय काय यायचं हो त्यात! एकीने विचारायचं, गव्हाच्या चिकाच्या हलव्याला नारळाचं दूध किती घालू? त्यावर ढीगभर उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराला आधीची सगळी उत्तरं लटकलेली. सकाळी गुलाबाची फुलं, संध्याकाळी पणत्या. कुणाच्या तरी नातवाचा नाच, तोही पूर्ण व्हिडिओ. कुणी गेल्याची बातमी आली की 'देव शांती देवो' हे प्रत्येकाने प्रत्येकाला लिहायचं. म्हणजे ज्याच्या घरात दुःख, त्याच्याच मेलबॉक्समध्ये जागा उरायची नाही. मग तिकडून तक्रारी यायच्या, आमचा मेलबॉक्स भरला, महत्त्वाची मेल परत गेली. त्या तक्रारीसुद्धा सगळ्यांना पाठवलेल्या.

मी आलो आणि नियम लावले. एकाने दिवसाला दोनच मेल. उत्तर देताना मागचं सगळं पुसून टाकायचं. अटॅचमेंट शक्यतो नको, हवीच असेल तर लहान करून. ज्यांना दिवसभर टिंग टिंग नको त्यांच्यासाठी सगळ्या दिवसाची मिळून एकच मेल. जे ऐकणार नाहीत त्यांची मेल आधी माझ्याकडे थांबणार, मी मंजूर केली तरच पुढे जाणार. महिनाभरात गट सुतासारखा सरळ आला. ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी आमच्यात आहेत, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांनी लिहिलं, 'गटाला प्रथमच शिस्त लागली, नियंत्रकांचे अभिनंदन.' ती मेल मी बायकोला दोनदा वाचून दाखवली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

एकच माणूस सरळ होत नव्हता. रोह्याच्या पुढे नदीच्या अंगाला एका गावात आमच्यातलं एक घर उरलंय, तिथले काका. धाटावच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते, आयुष्यभर शिफ्ट केल्या आणि निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन इस्रायलला. गावाबाहेर आमचं जुनं कब्रस्तान आहे. ज्यांची माणसं तिथे पुरलीत ती सगळी घरं कधीच निघून गेली. काका आणि काकू दोघं मिळून तिथलं गवत काढायचे, दगड पुसायचे. काकू गेल्यावर काका एकटे जायला लागले. मुलीने त्यांना एक टॅबलेट पाठवला होता. त्यावर दर शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत, ते साफ केलेल्या कबरींचे फोटो काढून गटावर टाकायचे. विषयाची ओळ रिकामी. मजकूर नाही. नुसते फोटो, एका मेलला एक, आणि एकेक फोटो इतका जड की उघडेपर्यंत माणसाची आंघोळ होईल.

तिकडच्या काहींना ते फोटो आवडायचे. 'ही माझी पणजी' असं कुणी तरी लिहायचं. पण तक्रारीही यायच्या, आणि मला तक्रारीच दिसायच्या. मी फोन केला.

"काका, फोटो लहान करून पाठवा."

"लहान कसा करू रे बाबा? कबर हाय तेवढीच येते."

"अहो, कबर नाही, फोटोचा साइज! एमबी कमी करायचे."

"मंग नाव वाचता येल का? तिकडल्या पोराला आपल्या आजीचं नाव वाचायला नको?"

उत्तर नसलं की मी चिडतो, हा माझा जुना रोग. त्या संध्याकाळी मी गटावर सगळ्यांना उद्देशून लिहिलं, 'हा चर्चेचा गट आहे, फोटो स्टुडिओ नव्हे.' नाव घेतलं नव्हतं. पण सगळ्यांना कळलं. दोघातिघांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली, आणि दिवसाला दोनच मेलचा नियम लावणाऱ्या मला ती चित्रं फार गोड वाटली. लगेच मी काकांचा पत्ता त्या थांबवायच्या यादीत टाकला. आता त्यांचं काहीही आलं तरी आधी माझ्याकडे.

बायको म्हणाली, "अहो, त्या माणसाची बायको जाऊन अजून वर्ष नाही झालं. फोटो पाठवतोय बिचारा, बॉम्ब नाही पाठवत."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं.

"मग साहेबांच्या नातीच्या बारशाचा व्हिडिओ कसा गेला?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

सुरुवातीला मी काकांचे फोटो दर आठवड्याला बघायचो. एकदोन निवडायचे, लहान करायचे, पुढे सोडायचे. मग टायपिंगच्या परीक्षा आल्या. क्लासमध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही. मंजुरीसाठी थांबलेल्या मेलचं पान मी उघडेनासाच झालो. एक दिवस दुपारी जेवून आलो आणि उघडलं, तर वरपासून खालपर्यंत काकांचंच नाव. प्रत्येकापुढे अटॅचमेंटची ती क्लिपची खूण. माझं टाळकं सटकलं. वरच्या चौकटीत एक खूण केली की सगळ्या निवडल्या जातात. केली. खाली 'नाकारा' असं बटण असतं. दाबलं. पान स्वच्छ झालं, आणि घर झाडून काढल्यावर वाटतं तसं मला बरं वाटलं.

मग काही आठवड्यांनी मला क्लासच्या कागदपत्रांसाठी अलिबागला जायचं होतं. वडखळला उतरून अलिबागची गाडी बघत होतो. टपरीवर चहा घेताना बायकोचा लांबचा भाऊ भेटला. तो अलिबागकडचा, आमच्यातलाच, पण ईमेलच्या वाटेला न जाणारा.

"मोठा माणूस झालास बाबा," तो म्हणाला. "रोह्याला आला नाहीस."

"रोह्याला काय होतं?"

"चेष्टा करतोस का?"

"अरे खरंच. काय होतं?"

मग त्याने सांगितलं. काकूंना वर्ष झालं म्हणून काकांनी कबरीवर दगड बसवायचं ठरवलं होतं. दगड बसला की तिथे कद्दीश म्हणायचं असतं, म्हणजे गेलेल्याच्या नावाने प्रार्थना. कद्दीशला दहा पुरुष लागतात, जाणते आणि आपल्यातले. नऊ असले तरी होत नाही. हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. काकांनी ज्यांचे नंबर होते अशा जवळच्या दोघातिघांना फोन केले. बाकीच्यांसाठी गटावर बोलावणं टाकलं. पेण, पनवेल, ठाणे, मुंबई, सगळी माणसं गटावर होतीच.

"आलो आम्ही सहा जण," तो म्हणाला. "अरे, गर्दी तर एवढी होती! सगळं गाव आलेलं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायका पहाटेपासून भात आणि माशाचं कालवण करत होत्या, खवल्यांचाच मासा, आपल्याला चालतो तो, त्यांना सांगावंही लागलं नाही. पण आपले सहाच. गल्फवरून सुट्टीवर आलेला शेजारचा माणूस म्हणाला, 'चाचा, आम्ही उभे राहतो ना, आम्हाला धरा की.' काकांनी त्याला मिठी मारली. पण धरता येतं का? मुलगी तिकडून व्हिडिओवर बघत होती. गाडी वाजली की काका फाटकापर्यंत जायचे. दुपार टळली. शेवटी मुलीनेच फोन ठेवला."

"मग?"

"मग काय. जेवलो आणि आलो. दगडावर पांढरं कापड टाकलेलं होतं ते तसंच राहिलं. कद्दीश झाल्याशिवाय काढणार नाही म्हणाले. आणि आता मुलगी त्यांना कायमचं तिकडे नेतेय, कागदपत्रं झालीत. इथे एकटे किती दिवस राहणार? त्यांनी मनाला एकच लावून घेतलंय, हिला अशी झाकलेली ठेवून मी जाऊ कसा."

"मला फोन का नाही केला त्यांनी?" मी विचारलं.

"ते तू त्यांनाच विचार," तो म्हणाला, आणि त्याची गाडी आली.

अलिबागला मी गेलोच नाही. परतीची गाडी धरून पेणला आलो, क्लासचं शटर अर्धं वर केलं आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. नाकारलेली मेल गटावर राहत नाही. पण थांबलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत माझ्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये येत असे. तिचा त्रास नको म्हणून मी त्या प्रती परस्पर एका फोल्डरमध्ये वळवल्या होत्या. ते फोल्डर मी पहिल्यांदाच उघडलं. फोटो, फोटो, फोटो, आणि मध्येच एका मेलला विषय होता: 'बोलावणं'. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा विषयाची ओळ भरली होती.

आत लिहिलं होतं: 'सगळ्यांना शालोम. हिचा दगड तयार झाला. कोलाडच्या कारागिराने मन लावून केला आहे. नाव मराठीत पण आहे आणि हिब्रूत पण आहे. फोटो जोडला आहे. रविवारी सकाळी बसवतो. दहा झाले पाहिजेत. जेवायला थांबायचं. तिकडच्यांनी तिकडून आठवण काढा. फोटो मोठा आहे त्याबद्दल माफी असावी.'

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लासमध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं. मी तिथेच टेबलावर डोकं टेकून बसलो. पेणहून रोहा आहे किती लांब? सकाळी निघालो असतो तर दहा वाजायच्या आत पोचलो असतो. साहेबांची गाडी वाटेत मला घेऊन गेली असती. आम्ही दहा काय, पंधरा झालो असतो.

घरी बायकोला सांगितलं. तिने मेल वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "आता हेच्या हेच गटावर लिहा. मी न वाचता नाकारली, असं."

"लिहितो," मी म्हटलं.

लिहिलंही. मग पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. ठाण्याच्या साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. माझ्या शिस्तीला हसरी चित्रं पाठवणारे यायचे. ज्यांना मी दिवसाला दोन मेलवरून झापलं होतं त्या तिकडच्या आजीबाई यायच्या. शेवटी जी मेल गेली ती अशी: 'काही तांत्रिक अडचणीमुळे आपल्या रोह्याच्या काकांचे एक महत्त्वाचे निमंत्रण सदस्यांपर्यंत पोचू शकले नाही. नवीन तारीख ठरवत आहोत. कृपया जास्तीत जास्त संख्येने यावे.' तांत्रिक अडचण! माझ्या उजव्या हाताच्या एका बोटाला तांत्रिक अडचण म्हणायची असेल तर मग ते खरं होतं.

गट नुसता उसळला. अरेरे, फार वाईट झालं, मी येतो, मी दोघांना आणतो, मला रोह्याचा रस्ता सांगा. इस्रायलवरून पानंच्या पानं. एकेकाने सहा सहा मेल पाठवल्या, मागचं काही पुसलं नाही, आणि मी एकालाही अडवलं नाही. साहेबांनी लिहिलं, 'नियंत्रकांनी स्वतः लक्ष घालून चूक सुधारली, हे त्यांचे मोठेपण.'

दुसऱ्या दिवशी काकांचीही मेल आली. पण काकांचा पत्ता मी यादीतून काढायचा विसरलो होतो. त्यामुळे ती आधी माझ्याकडेच थांबली. 'सगळ्यांचे आभार. नियंत्रकांचे विशेष आभार.' माझे आभार मानणारी मेल मला माझ्याच हाताने मंजूर करावी लागली. बटण दाबलं आणि उठून तोंड धुतलं.

"वर आभारही घेतलेत का?" बायकोने विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

ठरलेल्या रविवारी साहेब ठाण्याहून गाडी घेऊन आले, आणि पेणला मी आणि बायको बसलो. साहेब वाटेत माझी स्तुती थांबवेनात. "तुमच्यामुळे जमलं हो हे. नाहीतर आजकाल कोण एवढं करतं?" बायको मागे खिडकीबाहेर बघत बसली होती. गडब आलं तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "साहेबांना सांगा ना, नक्की काय अडचण झाली होती ती."

आणि मी काय करावं? मी सर्व्हरवर बोलायला लागलो. स्पॅम म्हणजे काय, मोठी अटॅचमेंट असली की यंत्र कसं संशय घेतं, मेल कशी अधांतरी राहते. नागोठणं मागे पडलं, कोलाड आलं, तरी मी बोलतोच आहे. साहेब मान डोलावत होते. आरशात मला बायकोचा चेहरा दिसला. परत तिकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

कब्रस्तानात गवताचं एक पान नव्हतं. गावातली माणसं याही वेळी आली होती, बाहेर भिंतीच्या सावलीत उभी होती. आमच्यातले मोजले तर बरोबर दहा भरले. पनवेलच्या दोघांना यायला जमलं नव्हतं, एकाला ताप आणि दुसरा त्याच्याच गाडीने येणार होता. मला धरून दहा. कापड टाकलेला दगड मधोमध उभा होता. साहेबांना भाषणाची सवय. प्रार्थनेआधी त्यांनी दोन शब्द बोलून घेतले, काकूंबद्दल थोडे आणि माझ्याबद्दल जास्त. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. बायको भिंतीशी जाऊन उभी राहिली.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला थोडं बाजूला नेलं. पांढरा सदरा घातला होता त्यांनी, कडक इस्त्रीचा.

"एक इचारू का? रागावू नको."

"विचारा की काका."

"तेव्हा अनावश्यक व्हती, मंग आता कशी चालली?"

मला कळलं नाही. "काय अनावश्यक?"

त्यांनी शाळेतल्या मुलासारखं पाठ म्हणून दाखवलं. "सदर मेल गटाच्या दृष्टीने अनावश्यक असल्याने नाकारण्यात येत आहे. पुन्हा पाठवू नये. नियंत्रक."

अरे देवा! ते वाक्य माझंच होतं. कारभार हातात घेतला तेव्हा गटाच्या यंत्राने विचारलं होतं, ज्याची मेल नाकाराल त्याला काय कळवायचं? गुलाबाच्या फुलांवर मी तेव्हा असा पेटलेलो होतो की ते दोन ओळींचं उत्तर ठोकून दिलं, आणि विसरून गेलो. मी त्या दुपारी एक बटण दाबलं, आणि काकांच्या टॅबलेटवर ते उत्तर एकामागून एक पडत गेलं. प्रत्येक कबरीसाठी एक. काकूंच्या बोलावण्यालाही एक. मला फोन का केला नाही, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. पुन्हा पाठवू नये, असं मीच कळवलं होतं ना.

"म्हंजे तू वाचलंस आणि मग नाय म्हटलंस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "मी म्हटलं, बरोबर हाय. ती काय मोठी माणूस नव्हती, गटाला तिचं काय. तरी त्या दिवशी वाट बघितली, म्हटलं ऐकून कोण येल. पण मंग आता तूच सगळ्यांना गोळा केलंस. तर मला समजंना झालं."

"काका, ते उत्तर यंत्र आपोआप पाठवतं. मी तुमची मेल वाचलीच नव्हती."

"वाचलीच नाय?"

"नाही."

त्यांचा चेहरा एकदम सुटला. "म्हंजे हिला कोणी नाय म्हटलंच नव्हतं?" असं म्हणून ते हसले, डोळे भरून आले त्यांचे, आणि माझा खांदा त्यांनी दोनदा थोपटला. "हे बरं झालं. लय बरं झालं बघ."

इथे मला गप्प बसता आलं असतं. यंत्रावर सगळं गेलं होतं, म्हातारा समाधानी होता, साहेब खूश होते. पण त्यांचं ते हसणं मला बघवेना. लाज कानातून वाफेसारखी निघत होती. "यंत्राचं काही नव्हतं काका," मी म्हटलं. "तुमचं नाव बघितलं आणि दाबलं. काय लिहिलंय ते बघावंसंही वाटलं नाही. तांत्रिक अडचण वगैरे मी खोटं लिहिलं. आता गाडीतही खोटंच बोलत आलो."

काकांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. दगडाकडे बघत राहिले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. तिकडून साहेबांनी हाक मारली, "चला, सुरू करायचं ना?"

"मी बाहेर थांबतो काका," मी म्हटलं. "मला इथे उभं राहवत नाही."

"कुठं बाहेर?"

"फाटकापाशी."

"तू गेलास तर नऊ राहतात," ते म्हणाले. कंपनीत शिफ्ट सुटताना फिटर हाताखालच्या माणसाला सांगतो, तितक्याच कोरड्या आवाजात. "ती आणखी थांबायची नाय. उभा रहा."

मी उभा राहिलो. काकांनी कापडाचं एक टोक धरलं, दुसरं साहेबांनी. दगड उघडा झाला. मराठीत नाव होतं, हिब्रूत नाव होतं, अगदी स्वच्छ. भिंतीबाहेर बायका नाक पुसत होत्या. एकाच्या हातातल्या फोनमधून मुलगी बघत होती, तिचा हुंदका ऐकू आला. काकांनी कद्दीश सुरू केलं. पहिली ओळ झाली आणि बाकीचे म्हणाले, आमेन.

काका पुढे जाईनात. साहेबांना वाटलं शब्द आठवत नाहीत, म्हणून त्यांनी पुढचा शब्द हळूच सांगितला. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते माझ्याकडे बघत होते. मग सगळेच बघायला लागले. माझं आमेन अजून आलं नव्हतं. भिंतीशी उभी असलेली बायको रडत होती. मी जोर लावला आणि आमेन म्हटलं, फाटक्या आवाजात, नको इतकं मोठ्याने. मग काका पुढची ओळ म्हणायला लागले.